मागच्या जन्मी काय पाप केलं होतं मी!!

स्पॅनिशमध्ये प्रश्न लिहिताना वाक्याच्या सुरुवातीलाही एक उलटं प्रश्नचिन्ह देतात. पेद्रो अल्मोदोव्हारच्या १९८४ सालच्या एका सिनेमाचं नाव अशाच उलट्या प्रश्नचिन्हाने सुरू होतं. शेवटी मात्र प्रश्नचिन्ह नाही, दोन उद्गारचिन्हं आहेत. 'के ए एचो यो पारा मेरेथेर एस्तो!!' शब्दशः अर्थ, 'मी असं काय केलं म्हणून हे माझ्या वाट्याला आलं!!' आपल्याकडच्या आया-आज्या भांडी आपटत जे वाक्य म्हणतात, 'मागच्या जन्मी काय पाप केलं होतं कुणास ठाऊक', त्याचंच हे माद्रिदी रूप. सुरुवात प्रश्न म्हणून होते. उत्तर द्यायला कोणी बसलेलं नाही हे वाक्य संपेपर्यंत लक्षात येतं, आणि प्रश्नाचा वैताग होतो.

मला या लेखात तो प्रश्न प्रश्न म्हणूनच घ्यायचा आहे. ग्लोरिया नावाच्या त्या बाईच्या वाट्याला ते सगळं नेमकं कुठून आलं? त्यातलं बरंचसं तारीख-वार शोधता येतं.

आधी गोष्ट, शेवटासकट. चाळीस वर्षं उलटून गेलीत, स्पॉयलरची मुदत संपली.

ग्लोरिया (कार्मेन माउरा) लोकांकडे साफसफाईची कामं करते. नवरा अंतोनियो टॅक्सी चालवतो. तो पूर्वी कामासाठी जर्मनीत होता, तिथल्या एका गायिकेच्या आठवणीत अजून रमतो आणि तिचं गाणं टॅक्सीत लावतो. थोरला मुलगा तोनी चौदा वर्षांचा. तो हेरॉईन विकतो. धाकटा मिगेल बाराचा. सासूबाई (चुस लाम्प्रेआवे) मफिन्स आणि सोडावॉटर कुलपात ठेवतात आणि घरच्यांनाच पैसे घेऊन विकतात. शेजारी क्रिस्ताल ही देहविक्रय करणारी मुलगी राहते. सिनेमातलं सगळ्यात निर्मळ माणूस तीच. दुसरी शेजारीण हुआनी शिवणकाम करते आणि आपल्या लहान मुलीवर सतत खेकसते. त्या मुलीला नजरेने वस्तू हलवता येतात, आणि यावर कुणी फारसं आश्चर्य व्यक्त करत नाही. ग्लोरिया गोळ्यांवर जगते. औषधवाली चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायचं बंद करते, तेव्हा ती हाताला लागेल ते हुंगते.

एके दिवशी ती जर्मन गायिका माद्रिदला यायची असते. अंतोनियोला इस्त्रीचा शर्ट हवा असतो. ग्लोरिया नाही म्हणते. तो तिच्या थोबाडीत मारतो. ओट्याजवळ खारवलेल्या डुकराच्या तंगडीचं हाड पडलेलं असतं, हामोनचं. ती ते उचलते आणि हाणते. अंतोनियो मरतो. हाड रश्शाच्या पातेल्यात जातं, पोलीस घरभर हत्यार शोधतात, सापडत नाही. साक्षीदार एकच असतो, सासूबाईंनी पाळलेला सरडा, आणि पोलिसांच्या वर्दळीत तोही पायाखाली जातो. त्या सरड्याचं नाव 'दिनेरो', म्हणजे पैसा.

हाडाची युक्ती रोआल्ड डालच्या एका कथेतली आहे, हिचकॉकने ती टीव्हीवर आणली होती. तिथे हत्यार म्हणजे मेंढीची गोठवलेली तंगडी, आणि गंमत आहे ती पोलीस कसे फसतात याची. अल्मोदोव्हारला पोलिसांत फारसा रस नाही. त्याचा कॅमेरा धुलाई मशीनच्या आत, ओव्हनच्या आत, फ्रिजच्या आत बसतो आणि तिथून ग्लोरियाकडे बघतो. घरातल्या यंत्रांना ती कशी दिसते? थकलेली, वाकलेली, काहीतरी आत कोंबणारी किंवा बाहेर काढणारी.

आता घर. ते खोटं नाही, सेटवरचं आतलं नेपथ्य सोडलं तर. माद्रिदच्या पूर्वेला एम-३० या रिंगरोडच्या काठावर बारिओ दे ला कोन्सेप्सियोन नावाची वस्ती आहे. तिथल्या उंच, लांबच लांब, खिडक्यांनी गच्च भरलेल्या इमारतींना लोक 'कोलमेनास' म्हणतात, म्हणजे मधमाश्यांची पोळी. 'कोन्सेप्सियोन' या शब्दाचा अर्थ गर्भधारणा. इथे संदर्भ मेरीच्या निष्कलंक जन्माचा. आणि आतल्या रस्त्यांची नावं बघा: व्हिर्खेन देल साग्रारियो, व्हिर्खेन दे नूरिया, व्हिर्खेन देल पोर्तियो. एकेका गल्लीला एकेका कुमारी मातेचं नाव. मॅपवर झूम करून बघण्यासारखं आहे. मातृत्वावरचा सिनेमा कुठे घडवायचा यासाठी यापेक्षा आगाऊ पत्ता मिळाला नसता.

ही पोळी बांधली खोसे बानुस या बिल्डरने, १९५०च्या दशकाच्या अखेरीला. बानुस बंधूंच्या कंपनीला त्याआधी फ्रँकोच्या प्रचंड स्मारकाचं, 'व्हाये दे लोस काईदोस'चं काम मिळालं होतं. तिथे जाणारा रस्ता त्यांनी बांधला, आणि त्या प्रकल्पावर यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे राजकीय कैदी शिक्षेचे दिवस कमी करून घेण्यासाठी राबत होते. पुढे याच बानुसने मार्बेयाजवळ श्रीमंतांच्या यॉट लागतील असं बंदर बांधलं. पुएर्तो बानुस हे नाव आजही इन्स्टाग्रामवर भेटतं, महागड्या गाड्यांच्या शेजारी. कैद्यांचा रस्ता, मजुरांची पोळी, अब्जाधीशांचं बंदर, सगळं एकाच नावाखाली.

पोळी बांधायची घाई का होती? १९५० साली माद्रिदची लोकसंख्या साधारण १६ लाख होती. १९७० साली ती ३१ लाखांच्या वर गेली. आंदालुसिया, एस्त्रेमादुरा, ला मांचा (हो, दोन किहोतेचीच) इथली गावं रिकामी होऊन शहराच्या कडेला येऊन पडत होती. लोक 'चाबोला' बांधत, म्हणजे पत्रे-विटांची झोपडी, तीही रात्रीतून. सकाळपर्यंत डोक्यावर छप्पर असलं तर पाडापाडीतून वाचण्याची आशा असायची. बार्सिलोनाच्या टेकडीवरच्या अशाच वस्तीची गोष्ट 'एल ४७' या २०२४च्या सिनेमात आहे. सरकारने १९५७ साली गृहनिर्माण मंत्रालय काढलं आणि माद्रिदसाठी तातडीची योजना आखली, दोन वर्षांत ६० हजार घरं. मंत्री होते खोसे लुईस दे आर्रेसे. आपल्याला कामगारांचा स्पेन नको, घरमालकांचा हवा, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य प्रसिद्ध आहे. हिशेब सरळ होता: डोक्यावर हप्ता असलेला माणूस संपावर जात नाही. (माझ्या टीममध्ये गृहकर्ज असलेले आणि नसलेले लोक मॅनेजरशी कसे बोलतात, हे बघून मला आर्रेसेसाहेबांचं म्हणणं लगेच कळलं.)

घराच्या या भुकेवर स्पॅनिश सिनेमाने आधीच एक अख्खी काळी विनोदी परंपरा उभी केली होती. 'एल पिसितो'मध्ये एक माणूस मरणाला टेकलेल्या म्हातारीशी लग्न करतो, कारण तिच्या नावावर भाड्याची जागा आहे. बेर्लांगाच्या 'एल व्हेर्दुगो'त (१९६३) एक भला गृहस्थ सरकारी फ्लॅट टिकावा म्हणून जल्लादाची नोकरी पत्करतो. दोन्हींच्या लेखनात राफाएल अथकोना होता. अल्मोदोव्हार या परंपरेचा वारस. फरक एवढाच की त्या सिनेमांत घरासाठी धडपडणारा पुरुष असतो, आणि सिनेमा त्या धडपडीचा असतो. अल्मोदोव्हार तिथून पुढे सुरू करतो. घर मिळालं. आता त्यात पाच माणसांचा स्वयंपाक कोण करतं?

स्पेनचं सरकारी राजपत्र ऑनलाइन आहे, जुने अंकही स्कॅन करून ठेवलेत. मला स्पॅनिश येत नाही, पण कायद्याची भाषा एकसुरी असते आणि भाषांतराची सोय फोनमध्ये असतेच. दिवसभर कुणी कुठल्या तारखेला कोडमधली कुठली ओळ का बदलली हे बघण्याचं काम असल्याने मला एक खोड लागली आहे. माणसाकडेही मी तशीच बघते: ही कुठल्या व्हर्जनमध्ये जन्मली, हिच्यावर कुठले नियम चालले? ग्लोरियाचं वय सिनेमात सांगत नाहीत. कार्मेन माउराचा जन्म १९४५चा, तोच धरू.

१९४५ साली जन्मलेल्या मुलीला जो दंडविधान लागू होता, तो १९४४चा. त्यातलं ४२८ क्रमांकाचं कलम असं: पत्नीला व्यभिचार करताना पकडून नवऱ्याने तिला किंवा तिच्या प्रियकराला जागीच ठार केलं, किंवा गंभीर जखमी केलं, तर शिक्षा 'देस्तिएर्रो'. म्हणजे हद्दपारी. ठराविक ठिकाणापासून किमान २५ किलोमीटर लांब राहायचं, काही काळ. जखमा त्याहून किरकोळ असतील तर शिक्षाच नाही. बापालाही हीच सवलत होती, घरात राहणाऱ्या तेवीस वर्षांखालच्या मुलीबाबत. बायकोला उलट बाजूने अशी कुठलीही सवलत नव्हती. हे कलम कुठून तरी मध्ययुगातून चुकून राहिलेलं नव्हतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९३२ साली प्रजासत्ताकाने ते काढून टाकलं होतं. फ्रँकोच्या राज्यात कुणीतरी बसून, विचार करून, ते परत घातलं. रद्द झालं १९६३ साली. म्हणजे ग्लोरिया अठरा वर्षांची होईपर्यंत ते पुस्तकात होतं.

पुढे चला. तोनी चौदाचा, म्हणजे १९७०चा जन्म, मिगेल १९७२चा. त्या काळात गर्भनिरोधकं विकणं आणि त्यांची जाहिरात करणं हा गुन्हा होता, १९४१च्या कायद्याने. जास्तीत जास्त मुलं असणाऱ्या कुटुंबांना राष्ट्रीय बक्षिसं मिळत. मुलांसाठी मिळणारा भत्ता १९३८ पासून सुरू होता आणि तो कुटुंबप्रमुखाच्या, बहुतेक वेळा बापाच्या पगारातून येई. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बायकोला नोकरीचा करार करता येत नसे, बँकेत खातं उघडता येत नसे, पासपोर्ट काढता येत नसे. दिवाणी संहितेत नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी असं चक्क कलम होतं. ते गेलं मे १९७५ मध्ये, फ्रँको मरण्याच्या सहा महिने आधी. तोपर्यंत ग्लोरिया तिशीला आली होती, दोन मुलं पदरात होती.

मग एकदम बांध फुटल्यासारखं झालं. १९७८ साली व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही आणि गर्भनिरोधकं कायदेशीर झाली. १९८१ साली मुलांवर आई-बापांचा समान हक्क आला, घटस्फोटाचा कायदा आला. १९८३ साली संविधान न्यायालयाने सरकारी टेलिफोन कंपनीतल्या, लग्न केलं म्हणून सक्तीने घरी पाठवलेल्या बायकांच्या बाजूने निकाल दिला. ही कंपनी म्हणजे तेलेफोनिका. मूळचा ला मांचातल्या गावचा अल्मोदोव्हार माद्रिदला आल्यावर याच कंपनीत साधा कारकून म्हणून लागला होता आणि साधारण बारा वर्षं तिथे होता; सकाळी ऑफिस, संध्याकाळी सुपर-एट कॅमेऱ्यावर उचापती. मध्यमवर्गीय होऊ पाहणाऱ्या स्पॅनिश घरांना त्याने त्या नोकरीत जवळून बघितलं.

म्हणजे १९८४ साली सिनेमा आला तेव्हा कागदावर ग्लोरिया मोकळी होती. तिला खातं उघडता येत होतं, गोळी घेता येत होती, घटस्फोट मागता येत होता. सिनेमात तिला यातलं काहीही सुचत नाही. घटस्फोट हा शब्द तिच्या जगाच्या बाहेरचा आहे. हे दिग्दर्शकाचं दुर्लक्ष आहे असं मला वाटत नाही. १९८१चा कायदा वाचला की कळतं: आधी वेगळं राहायचं, किमान वर्षभर, मग कोर्टात जायचं. थेट घटस्फोट मिळायला २००५ साल उजाडलं. वेगळं राहायचं कुठे? लोकांच्या फरश्या पुसून मिळणाऱ्या पैशात दुसरं घर येतं का? पुन्हा आर्रेसेसाहेबांचा फ्लॅट आडवा आला.

ग्लोरियाने अंतोनियोला मारलं आणि तिला काहीच झालं नाही, याकडे बरेच जण अल्मोदोव्हारचा खट्याळपणा म्हणून बघतात. मी ४२८ वाचून आले असल्यामुळे मला ते दृश्य वेगळं दिसतं. वीस वर्षांपूर्वीपर्यंत राज्याने एका बाजूला दिलेली सूट सिनेमा दुसऱ्या बाजूला देऊन टाकतो, एका रश्शाच्या पातेल्यात. गंमत म्हणजे हद्दपारीही होते. खून करणारी जागच्या जागी राहते, बाकीचेच जातात. सासूबाई आणि तोनी बसने गावाकडे निघून जातात. म्हातारीला शहर पहिल्यापासून आवडलेलं नाही, थंडी वाजते म्हणते. १९५१च्या 'सुर्कोस' या सिनेमात गावाहून माद्रिदला आलेलं कुटुंब शेवटी हरून परत जातं. इथे परत जाणारा मुलगा हेरॉईन विकून साठवलेल्या पैशावर शेती करायची स्वप्नं बघत जातो. ते स्वप्न त्याला आणि आजीला एक अमेरिकन सिनेमा बघताना पडलेलं आहे.

आजी-नातवाचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तोनीला शाळेत गृहपाठ आहे: लेखकांची नावं दिलीत, रोमँटिक कोण आणि वास्तववादी कोण ते लिहा. आजी छातीठोक उत्तरं देते. इब्सेन? रोमँटिक. लॉर्ड बायरन? वास्तववादी. गटे? वास्तववादी. बाल्झाक? रोमँटिक. एकही बरोबर नाही. सिनेमा मात्र असाच बांधलेला आहे, खुणा उलट्या लावून. सगळ्यात अद्भुत गोष्ट, नजरेने वस्तू हलवणारी मुलगी, ही ग्लोरियाच्या स्वयंपाकघराला वॉलपेपर लावण्याच्या कामाला येते. आणि साधा वास्तववादी खर्च, दाताचं बिल, भयकथेसारखा समोर येतो.

कारण दाताच्या डॉक्टरकडे ग्लोरिया मिगेलला ठेवून येते. डॉक्टरची नजर चांगली नाही हे तिला कळतं, मुलालाही कळतं. पैसे नाहीत, खाणारं एक तोंड कमी होईल, म्हणून ती सौदा करते. हे दृश्य विनोदी सुरात घेतलंय आणि मला ते आजही गिळता येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत दिग्दर्शकाने सूर इतका हलका ठेवायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते कापून टाकलेला सिनेमा हवा होता का, तर नाही. फ्रँकोच्या राज्यात आईचं चित्र गल्लीबोळांच्या पाट्यांवर होतं, मदर्स डे होता, बक्षिसं होती. 'पात्रोनातो'सारखी संस्था होती, जी 'वाईट मार्गाला लागलेल्या किंवा लागू शकतील अशा' मुलींना नन्सच्या ताब्यात कोंडत असे, कुमारी मातांसकट, आणि ती १९८५ पर्यंत चालली. आई म्हणून त्यागमूर्ती किंवा पतिता, मधलं काही नाही. ग्लोरिया सगळी मधलीच आहे. ती वाईट आई आहे, प्रेमळ आहे, बेजबाबदार आहे, दिवसाला अठरा तास उभी आहे. तिला पतिता ठरवावं तर ती घर सोडत नाही, देवी ठरवावी तर मुलगा विकते.

कायद्याचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं, कारण सिनेमात हत्यार हाडाचं आणि मेलेला माणूस नवरा. बाहेर साधारणपणे उलट घडतं. घरातली सततची मारहाण हा स्पेनमध्ये स्वतंत्र गुन्हा झाला १९८९ साली. डिसेंबर १९९७ मध्ये ग्रानादाजवळच्या गावातली आना ओरान्तेस ही साठ वर्षांची बाई आंदालुसियाच्या टीव्हीवर बसून चाळीस वर्षांचा मार सांगत होती. तिचा घटस्फोट झालेला होता. पण न्यायालयाने घराची विभागणी अशी केली होती की ती वरच्या मजल्यावर आणि तो खाली. कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याने तिला अंगणात जाळून मारलं. त्या हत्येने देश हलला, आणि २००४ साली बायकांवरील हिंसेविरुद्धचा स्वतंत्र कायदा आला. कायद्याने तिला नवऱ्यापासून सोडवलं, आणि घर होतं तेच ठेवलं.

सिनेमाच्या शेवटी ग्लोरिया बस-स्टँडवरून रिकाम्या फ्लॅटवर येते. नवरा नाही, सासू नाही, मुलं नाहीत, गोळ्या नाहीत. करायला काम नाही. ती बाल्कनीत जाते, कठड्यावरून वाकून खाली बघते, आणि तिच्या मनात काय आहे हे आपल्याला कळतं. तेवढ्यात खालून मिगेल चालत येताना दिसतो. डॉक्टरकडे कंटाळलाय, परत आलाय. वर येऊन तो आईला म्हणतो की या घराला एका पुरुषाची गरज आहे. बारा वर्षांचा मुलगा. कॅमेरा मागे सरकतो, एक खिडकी, मग दहा, मग अख्खं पोळं, आणि खाली एम-३०वरून गाड्या जात राहतात.